जुनी गाडी सुरू होत नाही, स्लोला थरथरते: पार्ट बदलण्याआधी दोष कसा शोधायचा

माझी जुनी गाडी एकेकाळी रोज सकाळी स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, थरथरायची. पहिल्या दोन-तीन सिग्नलला बंद पडायची, मग दिवसभर शहाण्यासारखी चालायची. मी आधी प्लग बदलले. मग एअर फिल्टर, मग प्लगला जाणाऱ्या हाय टेन्शन वायरी, शेवटी कॉइल. थरथर होती तिथेच. एका सकाळी वैतागून इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) मागून जाणारा बोटाएवढा रबरी पाइप वाकवून पाहिला, तर वळणाच्या आतल्या बाजूला नखाएवढी चीर होती. थंडीत रबर ताठ असल्यामुळे चीर उघडी राहायची, इंजिन तापलं की रबर मऊ पडून ती मिटायची. बदललेल्या सगळ्या पार्टांत सर्वांत स्वस्त निघाला तो तो पाइप.

गाडी महिनाभर सांगत होती की त्रास फक्त थंड असताना आहे. मी ते ऐकलं नाही, कारण मी "काय बिघडलं" हेच विचारत होतो, "कधी बिघडतं" हे विचारत नव्हतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी एक कागद घ्या आणि लिहा: त्रास थंड असताना की गरम झाल्यावर? रात्रभर उभी राहिल्यावर की दहा मिनिटांच्या थांब्यानंतर? पावसाळी हवेत वाढतो का? एसी लावल्यावर? पेट्रोल कमी असताना? दोन-तीन दिवस नोंद ठेवली की निम्मे संशयित आपोआप गळतात.

पुढचं सगळं पेट्रोल गाड्यांबद्दल आहे, कार्ब्युरेटरच्या आणि सुरुवातीच्या इंजेक्शनच्याही. डिझेलचं प्रकरण वेगळं, त्यात ना प्लगची ठिणगी असते ना थ्रॉटलचा, म्हणजे हवा कमी-जास्त करणाऱ्या पात्याचा, खेळ.

कामाला लागण्याआधी चार गोष्टी. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. बंद जागेत इंजिन चालू ठेवायचं नाही, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाह्या, ओढणी, लांब केस पंख्यापासून आणि बेल्टपासून दूर. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा फिरू लागतो. आणि गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

सेल्फ फिरतो की नाही?

"गाडी स्टार्ट होत नाही" ही खरं तर दोन वेगळी दुखणी आहेत. एकात सेल्फच फिरत नाही किंवा रडत रडत फिरतो. दुसऱ्यात सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. पहिल्या दुखण्यात प्लग आणि पेट्रोल पंप तपासणं म्हणजे निव्वळ वेळेची नासाडी.

चावी फिरवल्यावर कान द्या. "टक-टक-टक-टक" असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल नीट बसलेलं नाही. एकच ठसठशीत "टक" आणि मग शांतता, तर सोलेनॉइड (सेल्फवरचा विजेचा स्विच), सेल्फची मोटर किंवा जाड वायरीची जोडणी. काहीच आवाज नसेल तर चावीचा स्विच, रिले, फ्यूज, ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा सेफ्टी स्विच, मॅन्युअल गाडीत असल्यास क्लचचा. मोटर फिरल्याचा घर्र आवाज येतो पण इंजिन हलत नाही, तर सेल्फचं दातेरी चाक फ्लायव्हीलला लागत नाही.

आता मल्टिमीटर. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. पण नुसता हा आकडा पाहून बॅटरीला प्रमाणपत्र देऊ नका. म्हातारी बॅटरी उभ्या उभ्या १२.६ दाखवते आणि सेल्फ मारला की कोसळते. म्हणून सेल्फ फिरत असताना वाचा: ९.६ च्या बरंच खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे, नाहीतर सेल्फ प्रमाणाबाहेर करंट ओढतो आहे. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवं. नसेल तर अल्टरनेटरकडे वळा, नाहीतर नवी बॅटरीही आठवड्यात उतरेल.

बॅटरी ठणठणीत असूनही सेल्फ सुस्त असेल, तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो आणि जुन्या गाडीत तो डोळ्यांना दिसत नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवा, क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबावर. दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूवर. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवा म्हणजे इंजिन पकडणार नाही, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटर ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तेवढा दाब वायरीतच वाया जातो आहे. पॉझिटिव्ह खांब आणि सेल्फचा जाड बोल्ट यांच्यातही असंच मोजा. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर टर्मिनल काढा (निगेटिव्ह आधी काढायचं, शेवटी लावायचं), खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, तारेच्या ब्रशने चमकवा. इंजिनाची अर्थ वायर जिथे बॉडीला लागते तो बोल्ट खोलून तिथला गंजही खरवडा. तो बहुतेक कुणीच खोलत नाही.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

पेट्रोल इंजिनाला पेट्रोल, हवा, योग्य वेळी ठिणगी आणि दाब म्हणजे कॉम्प्रेशन, एवढंच लागतं. यातलं काय नाही ते शोधायचं आहे.

आधी सेल्फचा ताल ऐका. चांगलं इंजिन फिरताना "गुर्र-गुर्र-गुर्र" असा चढउतार ऐकू येतो. तो चढउतार गेला आणि इंजिन शिलाई मशिनसारखं एकसारखं, नेहमीपेक्षा भरभर फिरू लागलं, तर व्हॉल्व्ह चालवणारा टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. तिथेच थांबा. तेल भरायच्या तोंडातून किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) झाकणाखालून, सेल्फच्या एकाच छोट्या झटक्यात, आत काही फिरतंय का ते पाहा. फिरत नसेल तर पुन्हा सेल्फ मारू नका. काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

ताल ठीक असेल तर चावी ऑन करून, सेल्फ न मारता, कान मागच्या सीटकडे द्या. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. आवाज नसेल तर फ्यूज, रिले, पंप या क्रमाने जा. शेजारचा तसाच रिले, हॉर्नचा किंवा एसीचा, तात्पुरता तिथे लावून पाहणं ही फुकटातली चाचणी आहे. फक्त दोन्हींवरचा नंबर आणि पायांची रचना सारखी हवी. आवाज आला म्हणजे दाबही आला असं नाही, पण निदान पंप जिवंत आहे हे कळतं. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकतोय का तेही याच वेळी बघा, नाहीतर चावीतल्या चिपसाठी अख्खं इंजिन उघडाल.

कार्ब्युरेटरच्या गाडीत याहून सोपं आहे. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचं झाकण काढा, टॉर्च घेऊन कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहा आणि हाताने थ्रॉटलची दांडी झटकन उघडा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे आणि ॲक्सिलरेटर पंपही काम करतोय. कोरडंच राहिलं तर पेट्रोल वाटीपर्यंत येत नाही: फिल्टर, पंपाचा पडदा, वाटीची अडकलेली सुई. गाडी कित्येक महिने उभी असेल तर शिळं पेट्रोल आधी काढून टाका. त्याचा वास वार्निशसारखा येतो आणि जेटची भोकं त्याच्या चिकट थराने बुजतात.

मग दहा सेकंद सेल्फ मारा आणि लगेच एक प्लग काढा. प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही किंवा इंजिन फ्लड झालंय, म्हणजे जास्तीच्या पेट्रोलने बुडलंय. कोरडा खडखडीत असेल तर पेट्रोलच येत नाही. वेळ या एका प्लगइतका कुठेच वाचत नाही. सेल्फ मात्र एका वेळी दहा सेकंदांच्या पुढे ताणू नका आणि मध्ये मिनिटभर थंड होऊ द्या.

ठिणगी पाहण्यासाठी स्पार्क टेस्टर वापरा. प्लग हातात धरून इंजिनाला टेकवण्याची जुनी पद्धत मी सोडून दिली: इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा झटका मजेचा नसतो आणि आजूबाजूला सांडलेलं पेट्रोल असतं. ठिणगी निळी, कडकडीत हवी. पिवळी, मलूल असेल तर कॉइल किंवा वायरी. ठिणगीच नसेल तर सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे पाहा. अनेक गाड्यांत इंजिन फिरतंय हे कळवणारा क्रँक सेन्सर मेला की काटा जागचा हलत नाही. पॉइंटच्या, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांच्या, जुन्या इग्निशनमध्ये आधी पॉइंट घासून त्यांची फट मोजा, ती साधारण ०.४ मिलिमीटर असते, आणि कंडेन्सरवर संशय ठेवा.

फ्लड झालेल्या इंजिनाला ॲक्सिलरेटर पंप करत राहणं म्हणजे बुडत्याला पाणी पाजणं. पेडल एकदाच तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत या अवस्थेत पेट्रोल बंद होतं आणि नुसती हवा आत जाते. इंजिन पकडलं की पाय उचला.

"कधी" या प्रश्नाची उत्तरं

रात्रभर उभी राहिल्यावर पहिला सेल्फ लांबतो, दिवसभर ठीक. पाइपातला दाब रात्रीतून उतरतो आहे. चावी ऑन करा, तीन सेकंद थांबा, ऑफ करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. आता पहिल्याच दणक्यात लागली तर पंपातला उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर. सुरू होताना काळा धूर आणि पेट्रोलचा वास असेल तर इंजेक्टरच.

सकाळी सुरू होताना निळा धुराचा एकच ढग आणि मग स्वच्छ, तर व्हॉल्व्हची ऑइल सील झिजली आहेत. पहिलं मिनिट इंजिन मिसिंग मारतं, पांढरा गोडसर वासाचा धूर येतो आणि कूलंट हळूहळू कमी होतो, तर हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालची सील. या शेवटच्याला पुढे ढकलू नका.

गरम इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी सुरू होत नाही, अर्ध्या तासाने होतं. कार्ब्युरेटरमध्ये उष्णतेने वाटीतलं पेट्रोल उकळून आत सांडतं; वरचं फ्लडचं तंत्र वापरा. इंजेक्शनमध्ये क्रँक सेन्सर किंवा इग्निशन मॉड्यूल तापून झोपतात. ओलं फडकं सेन्सरवर ठेवून तो थंड केल्यावर गाडी लागली, तर चोर रंगेहाथ सापडला.

थंड असताना त्रास, गरम झाल्यावर ठीक: चोक, हवेची गळती किंवा कूलंट तापमानाचा सेन्सर. हा सेन्सर काढून ओहममध्ये मोजा. अनेक गाड्यांत २० अंशांना तो सुमारे अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास दाखवतो. बिघडलेला सेन्सर कंट्रोल युनिटला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, "इंजिन गरम आहे" असं सांगत राहिला तर सकाळी पेट्रोल कमी पडतं. "थंड आहे" असं सांगत राहिला तर दिवसभर काळा धूर आणि घसरलेला ॲव्हरेज.

पावसाळी हवेत त्रास: हाय टेन्शन वायरी आणि डिस्ट्रिब्यूटरचं झाकण. रात्री अंधारात इंजिन चालू करून बॉनेट उघडा आणि स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा नुसता धुरळा लांबून उडवा. वायरींवर निळसर रेषा नाचताना दिसतील. अंधारात हे दृश्य सुंदर असतं, पण हात लावायचा नाही. झाकणाच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर ते झाकण बाद.

स्लोला थरथर

आधी इंजिनच थरथरतंय याची खात्री करा. आरपीएमचा काटा ७५०-८५० वर स्थिर आहे, आवाज एकसारखा आहे, पण स्टिअरिंग हलतंय, तर इंजिन पेलणाऱ्या माउंटिंगचं रबर बसलं आहे. ऑटोमॅटिकमध्ये गिअरला टाकल्यावर थरथर वाढते आणि न्यूट्रलला जाते, तर हा संशय आणखी पक्का. इंजिनात हात घालायचं कारणच नाही.

काटा नाचतो आणि आवाज अडखळतो, तर पुढे जा. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरा. ती एकसारखी बाहेर उडाली पाहिजे. ठरावीक अंतराने "फट" असा ठोका असेल तर एकच सिलिंडर नेमाने मिस होतोय. पट्टी मधूनमधून आत ओढली गेली तर जळलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची शंका घ्या. अडखळणं बेताल असेल तर दोष सगळ्या सिलिंडरना सामायिक आहे: हवा, पेट्रोल, कॉइल.

एकच सिलिंडर मिस होत असेल तर कोणता? इंजेक्शनच्या गाडीत चालू इंजिनावर एकेक इंजेक्टरचा वायरीचा कनेक्टर काढा. आरपीएम पडला तर तो सिलिंडर काम करत होता. ज्याचा कनेक्टर काढूनही काहीच फरक पडला नाही, तो गुन्हेगार. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिन बंद करून एक वायर काढा, तिचं टोक इंजिनाला अर्थ करा, मगच सुरू करा; टोक मोकळं ठेवलं तर कॉइल किंवा मॉड्यूल जळू शकतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा भाग) असेल तर ही चाचणी काही सेकंदांतच उरका, न जळलेलं पेट्रोल त्याला भाजून काढतं.

सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा आणि शेजारचा इथे. दोष प्लगबरोबर गेला का? नाही, तर वायर किंवा कॉइल अदलाबदल करा. तरीही तिथेच, तर इंजेक्टर. तरीही तिथेच, तर कॉम्प्रेशन. या अदलाबदलीत काहीही विकत आणावं लागत नाही आणि शेवटी जे आणाल ते नक्की लागणारं असतं. प्लग हातात आहेच तर रंग वाचा: फिकट तपकिरी म्हणजे तब्येत चांगली, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळा म्हणजे रिंग किंवा सील, पांढरा फटक म्हणजे हवा जास्त किंवा प्लग फार तापतोय.

आता हवेच्या गळतीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण जुन्या गाड्यांच्या स्लोच्या तक्रारींत मला ती सर्वांत जास्त वेळा सापडली आहे. स्लोला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, इंजिन एवढीशी हवा पितं. तिथे बारीक चिरेतून आलेली हवाही मिश्रण बिघडवते. रेस दिली की हवा इतकी वाढते की चिरेतली हवा त्यात हरवून जाते. म्हणून "रेस दिली की बरी चालते" हे वाक्य ऐकलं की माझा हात आधी रबरी पाइपांकडे जातो. काही गाड्यांत गळतीने स्लो पडण्याऐवजी उलट चढतो, हेही लक्षात ठेवा.

शोधायचं कसं? फूटभर लांब रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं इनटेकच्या कडेने फिरवा. गळतीजवळ "सूं" असा आवाज एकदम मोठा होतो. मग एकेक व्हॅक्यूम पाइप पक्कडीने हलकेच चिमटा. जो चिमटल्यावर इंजिनाची चाल बदलली, त्या पाइपावर किंवा त्याच्या पलीकडच्या भागात गळती आहे. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप विसरू नका. त्याचा पडदा फाटला असेल तर ब्रेक दाबल्यावर स्लो बदलतो. कार्ब्युरेटर क्लीनर फवारण्याची पद्धत प्रचलित आहे, पण तो गरम एक्झॉस्टवर पडला तर आग लागते. साबणाचं पाणी थोडं कमी नाट्यमय आहे, पण गॅसकेटच्या कडेवर शिंपडल्यावर चाल क्षणभर सुधारली तर उत्तर मिळालं.

इनटेकमधली पोकळी मोजणारा व्हॅक्यूम गेज असेल तर तो बरंच बोलतो. समुद्रसपाटीला चांगल्या इंजिनाचा काटा स्लोला १७ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर राहतो; उंचीवर दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरा. स्थिर पण कमी, म्हणजे गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग. ठरावीक ठेक्यात टपकन पडणारा काटा म्हणजे व्हॉल्व्ह. रेस २५०० वर धरल्यावर काटा हळूहळू उतरत गेला, तर एक्झॉस्ट तुंबलाय.

गळती नसेल तर थ्रॉटल बॉडी उघडून पाहा. पात्याच्या कडेला काळा चिकट थर बसलेला असतो आणि स्लोची हवा नेमकी तिथूनच जाते. थ्रॉटल क्लीनर कापडावर घेऊन पुसा. स्लोची हवा सोडणारा आयडल व्हॉल्व्हही साफ करा. एसी लावल्यावर स्लो पडून गाडी बंद होते, ही त्याच व्हॉल्व्हची खूण. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये सोडणारा) काढून हलवा, खुळखुळला पाहिजे. ईजीआर व्हॉल्व्ह (जळका धूर परत इंजिनात सोडणारा) कार्बनने अर्धवट उघडा अडकला तर जळका धूर स्लोलाही आत जातो आणि इंजिन गुदमरतं.

यातलं काहीच नसेल तर कॉम्प्रेशन मोजा. सगळे प्लग काढा, पेट्रोल आणि इग्निशन बंद ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि चार-पाच ठोके फिरवा. बहुतेक पेट्रोल इंजिनं १२० ते १८० पीएसआय दाखवतात, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांतला फरक बघा. १०-१५ टक्क्यांहून जास्त नको. कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर मधली हेड गॅसकेट. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) फार घट्ट असल्यामुळेही दाब कमी येतो, म्हणून हेड उतरवण्याआधी टॅपेटची फट मोजून घ्या.

स्कॅनर असेल तर

ओबीडीचं, म्हणजे स्कॅनर जोडायचं, सॉकेट असलेल्या गाडीत पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिस, पी०३०२ दुसरा; पी०३०० म्हणजे ठरावीक एक नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. हा कोड आला की लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात, पण सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो. फ्युएल ट्रिम, म्हणजे कंट्रोल युनिट पेट्रोल किती टक्के वाढवतं किंवा कमी करतं ते, पाहा: स्लोला +१० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ, म्हणजे हवेची गळती. दोन्हीकडे जास्त किंवा रेसला आणखी वाढत असेल तर पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर.

कार्ब्युरेटरवरचा स्लोचा स्क्रू सर्वांत शेवटी. गळती, प्लग, टॅपेट, टायमिंग ठीक झाल्यावर, इंजिन पूर्ण गरम असताना. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकवा (आवळू नका, त्याची सुई चेपते), मग दीड ते दोन फेरे उघडा आणि तिथून चाल सर्वांत गुळगुळीत होईपर्यंत थोडा थोडा फिरवा. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलच्या थांब्याचा स्क्रू फिरवूच नका. साफसफाईनंतर स्लो एकदोन दिवस चढा राहिला तर कंट्रोल युनिट नव्याने शिकतंय. इंजिन गरम करा, दहा मिनिटं स्लोवर ठेवा, मध्ये एसी लावा-बंद करा. काम झालं की नाही याची पावती गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी देते, म्हणून रात्रभर उभी राहू द्या आणि पहिला सेल्फ मारताना बॉनेट उघडं ठेवून कान द्या.